जिचं नाव मी घेत नाही

गोंदियाला लागून कुडव्याला आमचं किराणा दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. नवरा धान-तांदळाच्या सौद्यासाठी दिवसभर दुचाकीवर फिरत असतो, म्हणून दुकान माझं. मला दिवसभरात जितक्या तऱ्हांनी हाक मारली जाते तितक्या तऱ्हांनी देवालाही कुणी मारत नसेल. वसाहतीतल्या हिंदी बोलणाऱ्या सुना भाभी म्हणतात, त्यांच्या सासवा बहनजी म्हणतात, बदलीवर आलेले पुण्याकडचे लोक काकू म्हणतात, खेड्यावरून बाजाराला आलेल्या बायका माय म्हणतात. आणि बाई तर सगळेच म्हणतात. मी सगळ्यांना ओ देते. धंद्यात रुसून चालत नाही.

या 'बाई' शब्दाचं मला कौतुक वाटतं. अक्षरं दोन, पण गाव बदललं की त्याचं काम बदलतं. आमच्या झाडीत, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या मुलखात, बाई म्हणजे थोरली बहीण. 'माही बाई आली' असं कुणी म्हटलं की समजायचं, घरी माहेरवाशीण आली आणि आज चुलीवर काहीतरी बरं शिजतंय. गोंदिया शहरात शिरलं की तीच बाई धुणीभांडी करायला लागते. 'आज बाई नहीं आई' ही तिथल्या घराघरातली सकाळची पहिली बातमी. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला बाई म्हटलं की शाळेतल्या बाई आठवतात. आणि सालेकसा ओलांडून गाडी छत्तीसगढात शिरली की बाई म्हणजे बायको, लग्नाची, हक्काची. म्हणजे गोंदियाला मोलकरीण म्हणून चढलेली बाई सालेकश्याला बहीण होते आणि डोंगरगडला बायको होऊन उतरते. तिकीट एकच.

आता वाचणाऱ्याला वाटेल, हिला कुणीतरी मोलकरीण समजलं असणार आणि ही आता ते दुःख सांगणार. समजलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. परवाच एक साहेब मलाच विचारत होते, मालकीण कुठं गेली. मी म्हटलं, बाहेर गेली आहे, तुम्ही काय पाहिजे ते बोला. त्यांनी सामान नेलं, मी पैसे गल्ल्यात टाकले, दोघंही खुशीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायची आहे ती माझ्या भुजलीची गोष्ट. तिला सगळं जग बाई म्हणतं, आणि तिचं नाव मी घेत नाही.

भुजली म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुण्याकडच्या काकूवाल्यांना ते ठाऊक नसतं. माझं माहेर सालेकसा तालुक्यात, रानाला लागून. राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भुजल्या निघतात. त्याआधी टोपल्यांत माती घालून गहू पेरायचे, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचे, ऊन लागू द्यायचं नाही, की वीत-वीतभर पिवळेधम्मक अंकुर येतात. त्या टोपल्या डोक्यावर घेऊन पोरीबाया गाणी म्हणत तळ्यावर जातात, पाण्यात शिरवतात म्हणजे बुडवून सोडतात, आणि मूठभर अंकुर परत आणून एकमेकींच्या कानामागे खोवतात. हे सगळ्यांनी सगळ्यांना करायचं. पण ज्या दोघींना जन्माची गाठ बांधायची असेल, त्या मोठ्या माणसांच्या देखत अंकुरांची अदलाबदल करतात. याला भुजली बदणं म्हणतात. एकदा बदली की तिची आई ती आपली आई, तिच्या घरचं सुतक ते आपलं सुतक. भेटलं की 'सीताराम भुजली' म्हणायचं. आणि एक नियम असा की त्याला माफी नाही. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर भुजली तुटली. आमच्या शेजारच्या गावात एकीनं भांडणाच्या भरात दुसरीचं नाव घेतलं, आणि पुढं तिच्या तेरवीलासुद्धा ही गेली नाही, असं माझी आई सांगायची. आईच्या अर्ध्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, पण या गोष्टीवर होता.

आम्ही दोघींनी भुजली बदली तेव्हा सातवीत होतो. ती माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा सावळी, आणि कमी बोलणारी. तिच्या वाटचंही मीच बोलायचे. तिचा बाप पायानं अधू होता, भाऊ अजून रांगत होता, त्यामुळं तळ्याच्या पाळीखाली त्यांची धानाची जी बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, होती ती हिच्या जिवावर चालायची. नांगराला माणूस लावायचे. बाकी रोपांसाठी पऱ्हे टाकणं, रोवणा म्हणजे लावणी, धुरा म्हणजे बांध फुटला तर कंबरभर पाण्यात उभं राहून माती लावणं, सगळं ही करायची. आठवीत तिची शाळा सुटली ती त्या बांधीपायीच. मी शाळेतून येताना धुऱ्यावर बसायचे आणि तिला दिवसभराचं ऐकवायचे. ती चिखलात वाकलेली असायची आणि मधूनच म्हणायची, 'मंग?' माझ्या आयुष्यात मला तिच्याइतकं नीट कुणी ऐकलेलं नाही, नवऱ्यानं तर नाहीच.

तिचं लग्न डोंगरगडच्या पलीकडच्या गावात झालं. माणूस भला, घर भलं, तक्रारीला जागा नाही. पण त्या मुलखात सुनेला नावानं हाक मारत नाहीत. ती जिथून आली त्या गावावरून ओळखतात. दुर्गची ती दुर्गहिन, रायपूरची ती रायपुरहिन. ही झाली सालेकसहिन. नवरा तिच्याबद्दल बोलताना 'मोर बाई' म्हणायचा. पोरं झाली ती 'दाई' म्हणायला लागली. पहिल्यांदा तिच्या लेकानं दाई म्हणून हाक मारलेली ऐकली तेव्हा मी चमकले, कारण आमच्याकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी. तिथं दाई म्हणजे आई. मी तिला म्हटलं, भुजली, तुझी बढती झाली की काय. ती हसली नाही. तिला माझे विनोद दुसऱ्या दिवशी समजतात.

पुढं ओळखपत्रासाठी नावं लिहून घ्यायला लोक दारी आले, तेव्हा घरात एकटे सासरे होते. सुनेचं नाव सासऱ्यानं घ्यायचं नसतं. त्यांनी सांगून टाकलं, लिहा, सालेकसहिन बाई. लिहिणाऱ्यानं लिहिलं. त्या गावात आधीच दोन-तीन रायपुरहिन बाई आणि एक दुर्गहिन बाई त्यानं लिहिल्या होत्या, त्याला काही वेगळं वाटलं नाही. पुढं जे जे कार्ड निघालं ते त्यावरूनच निघालं. हे सगळं तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, जसं काही भोपळ्याचा वेल वाळल्याचं सांगावं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अगं, तू बाईमाणूस आहेस की रेल्वेचं स्टेशन?

मागच्या वर्षी तिचा बाप गेला. म्हातारा झाला होता, सुखानं गेला. तेरवीला मी गेले, सुतक पाळलं, रीत होती ती केली. नंतर बापाच्या जमिनीवर वारसांची नावं चढायची वेळ आली. भाऊ आता मोठा माणूस झालेला. त्याच्याकडे धान कापायचं यंत्र आहे, ट्रॅक्टर आहे, कापणीच्या दिवसांत गाव त्याच्या दारी उभं असतं. माणूस वाईट नाही. मला बघितलं की अजून वाकून पाया पडतो. पण आमच्याकडे रीत अशी की बहिणीनं साडी-चोळी घ्यावी, भावाच्या घरी चार दिवस मानानं राहावं आणि जमिनीवरचा हक्क सोडून द्यावा. त्यानं तसा कागद तिच्यापुढं केला. तिनं सही केली नाही. भाऊ चकित झाला, आणि खरं सांगायचं तर मीही झाले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिचा फोन आला. मी विचारलं, काऊन व, तुले आता जमीन कायले पायजे? ती म्हणाली, 'भुजली, मले धान नाही पायजे. भाऊ पिकवो, भाऊ खावो. तळ्याखालच्या बांधीवर माहा नाव पायजे. माहा नाव कोठीच नाही व.'

 

तिनं तहसिलीत अर्ज केला. जुन्या कागदांत बापाच्या वारसांमध्ये तिचं जन्माचं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावरही होतं. पण तिच्या हातातल्या प्रत्येक कार्डावर सालेकसहिन बाई. ही आणि ती एकच, हे कुणीतरी समोर येऊन सांगायला हवं होतं. आमच्या वेळचे मास्तर केव्हाच वारले. गावातल्या बायका म्हणाल्या, आम्हाला सगळं ठाऊक आहे, पण कापणी तोंडावर आली, तुझ्या भावाशी वाकडं कोण घेईल. त्यांना मी दोष देत नाही. उभं धान पावसात सापडलं तर ना मी कापायला जाणार होते, ना कुणी साहेब. मी तिला म्हटलं, 'मी येतो ना. घाबरतेस कायले?' तिचा सख्खा भाऊ मला काय करणार होता? माझं दुकान कुडव्यात आहे आणि मला कापायला धान नाही.

सुनावणीच्या दिवशी मी गोंदियाहून गाडीनं सालेकश्याला उतरले. ती आणि तिचा नवरा डोंगरगडकडून येणाऱ्या गाडीनं आले. नवरा अगदी धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, लग्नाला आल्यासारखा. 'सीताराम भुजली' झालं. ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला आणि काय बोलणार आहेस असं विचारलं. मी सांगितलं, काय बोलायचं, तुझं नाव सांगणार, बाप सांगणार, शाळा सांगणार, सोक्षमोक्ष. तिचा हात तसाच राहिला, पण चेहरा उतरला.

'नाव नोको घेजो,' ती म्हणाली. 'बांधी गेली त गेली. भुजली तुटाले नाही पायजे.'

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, मग मला येऊ कशाला दिलंस, जिलेबी खायला? नाव न घेता नाव कसं सांगू? ती म्हणाली, ते तू पाह्य, तुले बोलता येते. म्हणजे जन्मभर तिच्या वाटचं मी बोलत आले त्याचं हे फळ. नवरा मान खाली घालून बसला होता. ऑटोवाला मात्र आरशातून बघत कान देऊन ऐकत होता, त्याला मी पुढं बघ म्हटलं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी एक तरुण मॅडम होत्या, सोलापूरकडच्या. नवीन आलेल्या, पण माणसाला खुर्चीवर बसवून बोलणाऱ्या. खोलीत भाऊ आधीच येऊन बसला होता. तो उठला, बहिणीच्या पाया पडला, माझ्या पाया पडला, मेहुण्याला खुर्ची दिली. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती गोड कुटुंब. आणि ते खोटंही नव्हतं.

मॅडमनी भावाला विचारलं, यांना ओळखता का. तो म्हणाला, ओळखत नाही कसा, माझी बाई आहे. नाव विचारलं, तर म्हणाला, आम्ही लहानपणापासून बाईच म्हणतो, कागदावरचं नाव मला काय ठाऊक. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, 'ये मोर बाई आय, मैडम.' नाव विचारल्यावर तो स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. चारचौघांत बायकोचं नाव घेणारा नवरा त्यांच्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, 'अहो, यांचीही बाई, त्यांचीही बाई. आमच्याकडे तर शाळेत शिकवतात त्या बाई. यांना स्वतःचं काही नाव असेल ना?'

भुजलीला विचारलं तर तिनं आपलं नाव सांगितलं, पण इतक्या हळू की लिहिणाऱ्यानं पुन्हा विचारलं, आणि पुन्हा सांगताना ती अडखळली. वापरात नसलेली वस्तू माळ्यावरून काढताना हात जसा चाचपडतो तशी तिची जीभ चाचपडत होती. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सांगून चालणार नाही, तुम्हाला ओळखणाऱ्या माणसानं सांगायला हवं.

मग माझी पाळी आली. मी पदर खोचला आणि सगळं सांगितलं. कोणत्या शाळेत कोणत्या बाकावर बसायचो, तिची शाळा कधी सुटली आणि का सुटली, तळ्याखालची बांधी कोणत्या बाजूला उतरती आहे, पाळ फुटली त्या वर्षी तिनं धुऱ्याला माती कशी लावली. भाऊ ऐकत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो तेव्हा रांगत होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, हे सगळं ठीक, आता नाव सांगा. मी म्हटलं, तेच तेवढं सांगता येत नाही. आणि भुजलीचा नियम समजावला. लिहिणारा गालात हसला. मॅडम हसल्या नाहीत. थोडा विचार करून त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, 'बोलायला मनाई आहे ना? मग लिहून द्या.'

वाट तर निघाली होती. नियम तोंडाचा होता, हाताचा नव्हता. माझी आई असती तरी यावर तिनं मान डोलावली असती. मी भुजलीकडे बघितलं. तिला इतकं हायसं वाटलेलं दिसत होतं की मलाही बरं वाटलं. मी पेन उचललं.

तेवढ्यात भाऊ बोलला. रागानं नाही, अगदी शांतपणे, व्यवहारातली गोष्ट सांगावी तसा. 'लिवून देवाले काई नाही, मॅडम. पर आमची एक बहीन लहानपनीच वारली म्हनतात. कागदावरचा नाव तिचाच असन.'

अशी एक बहीण झाली होती, हे खरं. भुजलीच्या पाठची. बारसं व्हायच्या आत गेली, तिला नावच नव्हतं. भावाला हे ठाऊक होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. पण मी भुजलीकडे बघितलं तेव्हा ती भिंतीकडे बघत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. भांडायचं तिच्या मनात आलंच नव्हतं. समोर बसल्या बसल्या तिला मेलेली ठरवलं जात होतं आणि ती ऐकून घेत होती, जशी जन्मभर सगळ्यांचं ऐकत आली.

माझ्या अंगाची आग झाली. या पोरीचं नाव कागदावर तर कायमच होतं. शाळेच्या दाखल्यावर होतं, बापाच्या वारसांत होतं. कागदावर असून त्यानं तिचं काय भलं केलं? आता मी आणखी एका कागदावर लिहून देणार आणि भाऊ त्यावरही म्हणणार, मेलेलीचं असेल. मी पेन खाली ठेवलं. उभी राहिले. आणि तिच्याकडे तोंड करून तिचं नाव घेतलं, मोठ्यानं, तळ्याच्या या काठावरून त्या काठावर हाक मारावी तसं. नुसतं नाव, पुढं बाई नाही, मागं काही नाही.

'ओ,' भुजली म्हणाली.

ते तिच्या तोंडून आपोआप निघालं. मान वर झाली, डोळे माझ्याकडे वळले आणि मग तिला कळलं की काय झालं आहे. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.  मॅडम तिच्याकडे बघत होत्या, आणि मग भावाकडे बघायला लागल्या. भाऊ बराच वेळ गुडघ्यावरची टोपी फिरवत राहिला. शेवटी त्यानं लिहिणाऱ्याला सांगितलं, लिवा, बाईचाच नाव होय ते. माझ्याकडे मात्र त्यानं बघितलं नाही, आणि निघताना पायाही पडला नाही. मला चाललं.

बांधीवर नाव चढायला पुढं काही महिने गेले, पण चढलं. बहीण-भावांत बोलणं सुरू आहे, धान तोच पिकवतो, दिवाळीला साडीही आली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. माझा जीव त्या दिवशी वेगळ्याच गोष्टीला टांगला होता.

आम्ही ऑटोनं स्टेशनकडे निघालो. नवरा पुढं ऑटोवाल्याशेजारी बसला. मी तिच्याशी बोलायला गेले तर तिनं तोंड बाहेर वळवलं. फलाटावर नवरा चहा आणायला गेला आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. मी गिऱ्हाइकाशी भांडते, व्यापाऱ्याशी भांडते, माझ्या तोंडाला लागून कुणी जिंकलेलं नाही. पण त्या बाकावर मला भीती वाटत होती. तिनं सांगून ठेवलं होतं, बांधी जाऊ दे पण भुजली राहू दे, आणि मी उलटं करून बसले होते. तिची गाडी यायची वेळ झाली होती. ती चढली असती, गेली असती, आणि पुन्हा भेटल्यावर सीताराम म्हणायची की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. मी चूक केली असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण ती नसेल तर मी बरोबर असून काय करू?

शेवटी मी विचारलं, 'तुटली का व?'

ती रुळांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती.

'माय मेली तवापासून कोनी म्हनला नवता,' ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. 'आखीन एक डाव म्हन.'

फलाटावर माणसं होती, तिचा नवरा हातात चहा घेऊन येत होता. मी म्हटलं.